जिभाऊ मायला विचारून सांगतात

माझ्या आईने एकदा जिभाऊंना भरीत पाठवलं. हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली, वर तेलात परतलेली कांद्याची पात. संध्याकाळी जिभाऊ घासलेलं ताट परत द्यायला आले तेव्हा आईने सहज विचारलं, कसं झालं होतं? या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर असतं आणि ते ऐकायलाच बाई प्रश्न विचारते. जिभाऊ मात्र ताट हातात धरून उभे राहिले. टोपी थोडी मागे सरकवली, आढ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मायले ईचारीसन सांगस." म्हणजे मायला विचारून सांगतो. आणि गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात सडा टाकत होती. जिभाऊ फाटकाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "माय म्हने, सांगी टाक. खारट व्हतं." एवढं सांगून, डोक्यावरचं गवताचं ओझं उतरवल्यासारखा चेहरा करून ते शेताकडे निघून गेले. आई पुढे आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. पण त्यानंतर आमच्या घरात मीठ कधी जास्त पडलं नाही, हेही सांगायला हवं.

ही माय म्हणजे कोण, हे आमच्या चोपड्यात कुणाला विचारावं लागत नसे. जिभाऊंच्या देव्हाऱ्यात कानबाईचा पिढीजात नारळ होता. कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची कुळाची देवी. श्रावणातल्या एका रविवारी ती घरोघर बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. नारळालाच डोळे, नथ, कुंकू लावून तिचा चेहरा करतात. बाकीच्यांकडे ती श्रावणात एका रात्रीची पाहुणी. जिभाऊंकडे ती बारा महिने मुक्कामाला होती, आणि जिभाऊंनी तिला एक दिवस सुटी दिली नाही.

त्यांचं खरं नाव हिलाल पाटील, पण त्यांना हिलाल म्हणणारी माणसं केव्हाच सरली होती. थोरापोरांचे ते जिभाऊच. साठीच्या पुढचे, उंच, काटकुळे, पांढरा सदरा, त्याची वरची गुंडी कायम तुटलेली. बायको तरुणपणीच वारली, मूलबाळ नव्हतं. धाकटे भाऊ सुपडूआप्पा आणि त्यांची बायको इंदूकाकू यांच्याबरोबर एकाच घरात राहत. गावाबाहेर केळीचं आणि कपाशीचं वावर दोघा भावांचं मिळून होतं. ते सुपडूआप्पा बघत. जिभाऊ राबत, आणि राबून उरलेल्या वेळात मायला विचारत.

विचारायची पद्धत अशी. कण्हेराच्या फुलाच्या दोन पाकळ्या घ्यायच्या, पाण्यात बुडवायच्या आणि मायच्या दोन गालांवर एकेक चिकटवायची. मग समोर पाटावर मांडी घालून बसायचं. उजवी पाकळी आधी गळाली तर कर. डावी आधी गळाली तर करू नको. दोन्ही चिकटूनच राहिल्या तर थांब. ही पद्धत त्यांना कोणी शिकवली, ते माहीत नाही. पण ती जिभाऊंनी कधी मोडली नाही आणि निकाल कधी फिरवला नाही, याची साक्ष आख्खी गल्ली देईल.

आता आमच्याकडच्या उन्हाळ्याविषयी मी वेगळं काय सांगू? मे महिन्यात पाकळी चिकटवून हात मागे घेईपर्यंत ती वाळून खाली यायची. त्यामुळे उन्हाळ्यात जिभाऊंचे निर्णय झटपट लागत आणि पावसाळ्यात तुंबत. शहाणी माणसं आपली कामं चैत्र-वैशाखात घेऊन येत. निवडणुकीच्या वेळी पुढाऱ्यांची माणसं मतं मागायला आली की जिभाऊ त्यांना मायसमोर बसवत. दोन्ही पक्षांची माणसं हात जोडून, टोप्या सावरून नारळाकडे डोळे लावून बसलेली मी पाहिली आहेत. लोकशाही इतकी शांत बसलेली मी पुन्हा कधी पाहिली नाही.

आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, या जिभाऊंना एकदा खोटं बोलायला सांगण्याचा मूर्खपणा केला. एक विम्याचा एजंट नानांच्या मागे हात धुऊन लागला होता. तो कोपऱ्यावर दिसताच नाना जिभाऊंच्या गोठ्यात शिरले आणि जाता जाता सांगून गेले की विचारलं तर मी गावाला गेलोय म्हणा. एजंट आला. त्याने ओट्यावर बसलेल्या जिभाऊंना विचारलं. जिभाऊंनी त्याला बसवलं, चहा सांगितला आणि आत गेले. दिवस पावसाळ्याचे. एजंटाने दोन कप चहा घेतला, इंदूकाकूंना विम्याचे फायदे समजावले, एक डुलकीही काढली. गोठ्यात नाना म्हशीच्या शेपटीचे फटके खात उकिडवे बसून होते. अखेर जिभाऊ बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "माय म्हनस, खोटं बोलू नको. पन खरं बोलानं का, हाई ईचारानं राही गयं. बठा जरासा, परत ईचारीसन येस."

एजंट काय समजायचं ते समजला. तो हसत उठून गोठ्याकडेच गेला. नानांनी तिथेच, शेणात उभं राहून विमा उतरवला. तो पुढे माझ्या बहिणीच्या लग्नात कामाला आला, पण जिभाऊंचं नाव काढलं की नाना बरेच दिवस पाठ खाजवत असत.

खरी पंचाईत गावाबाहेर पडल्यावर व्हायची, कारण माय घरी आणि जिभाऊ एस.टी.त. चोपडा-जळगाव गाडीत त्यांना जागा मिळाली तरी ते बसत नसत. बसलो आणि कोणी लेकुरवाळी आली, एखादी म्हातारी आली, तर उठून कोणाला जागा द्यायची ते इथे कोणाला विचारू, असा त्यांचा हिशोब. म्हणून ते आधीपासूनच दांडा धरून उभे राहत. कंडक्टर ओळखीचे झाले होते. "जिभाऊ, बसा, तुमच्या मायला मी सांगतो" म्हणायचे. जिभाऊ हसायचे आणि उभेच राहायचे.

तुम्ही म्हणाल, असल्या माणसाला गाव हसत असेल. हसायचं की. मीही हसायचो. पण एक सांगतो, आणि ताठ मानेने सांगतो. आमच्या गल्लीत दोन घरांत भांडण झालं, की निवाड्याला कोणी कोर्टात गेलं नाही, पुढाऱ्याकडे गेलं नाही. जिभाऊ समोरून येताना दिसले की बायका बोलता बोलता उखाळ्यापाखाळ्या थांबवत, कारण मधूनच त्यांना साक्षीला बोलावलं तर ते मायला विचारून खरं सांगतील, ही धास्ती. दुसऱ्या गल्ल्यांत मोठमोठी माणसं होती. कोणाची जिनिंग होती, कोणाचे ट्रक होते. आमच्या गल्लीत जिभाऊ होते, आणि आम्ही बाहेरगावच्या माणसाला घराचा पत्ता सांगताना जिभाऊंच्या घराशेजारी असंच सांगायचो.

मी तेव्हा जळगावला कॉलेजात विज्ञान शिकत होतो आणि शनिवारी घरी येत होतो. विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला माणसाच्या अंगात जेवढी हुशारी असते तेवढी नंतर कधी राहत नाही. मी एकदा जिभाऊंना समजावून सांगितलं की पाकळी ओली असते तोवर चिकटते, वाळली की गळते, यात देवीचा काही संबंध नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाकळी वाळस म्हनीसन पडस, हाई माले माहीत शे. पन ती वाळस तवलोंग मी बठस ना. तेवढा येळमा मानूस जरासा सुधरस." तेवढ्या वेळात माणूस जरासा सुधारतो. मी पुढचा मुद्दा आठवत राहिलो, तोवर ते म्हशीला पाणी दाखवायला गेलेही होते.

हे सगळं मी गमतीने सांगतोय. पण ज्या दिवसामुळे मी जिभाऊंबद्दल लिहायला बसलो, तो दिवस गमतीचा नव्हता.

सुपडूआप्पांचा एकुलता एक मुलगा प्रकाश सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला होता. आमच्याकडची निम्मी तरुण पोरं तिथेच असतात, त्यात नवल नाही. नवल हे की त्याने तिथे परस्पर लग्न केलं. मुलगी गुजराती, जात वेगळी, नाव हंसा. कोर्टात सह्या केल्या आणि घरी कळवलं. सुपडूआप्पांनी त्या दिवसापासून मुलाचं नाव टाकलं. इंदूकाकू दळताना, सारवताना, कुणी नसताना रडायच्या. वर्ष असंच गेलं.

आणि श्रावणात, कानबाई बसायच्या दिवशी, प्रकाश बायकोला घेऊन दारात उभा राहिला.

कानबाईच्या दिवशी आलेल्या मुलाला हाकलता येत नाही. पण खरी अडचण रोटांची होती. कानबाईला सव्वाच्या मापाने गहू मोजून, दळून त्याचे रोट करतात. सोबत पुरणपोळी, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी असते. बाकी काहीही कोणी खावं, पण रोट खायचे ते फक्त कुळातल्या माणसांनी. बाहेरच्याला त्यातला तुकडाही देत नाहीत. आम्ही एवढे सख्खे शेजारी, पण आमचं कूळ वेगळं, म्हणून आरास आम्ही करायची, पाणी आम्ही वाढायचं आणि रोटांकडे बघायचं नाही. सून लग्न होऊन आली की पहिल्या श्रावणात पंगतीत बसून रोट खाते, आणि त्या दिवसापासून ती कुळाची होते. मग तिला कोणी काही म्हणू शकत नाही.

प्रकाश ओट्यावरच उभा राहून बोलला. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. हंसाला आज पंगतीत बसवलं तर आम्ही इथले. नाही बसवलं तर संध्याकाळच्या गाडीने परत, आणि पुन्हा या घराची पायरी चढायची नाही. शेजारी हंसा डोक्यावर पदर घेऊन खाली बघत उभी होती. ती फार तर वीस-एकवीस वर्षांची असेल. तिच्या हातात केळीच्या पानात बांधलेली फुलं होती. मायसाठी आणलेली, आणि कोणी घेतच नव्हतं.

भाऊबंद जमलेले होते. त्यात दोंडाईच्याचे वामनकाका सगळ्यात वडील आणि सगळ्यात कडक. ते म्हणाले, कोर्टातल्या सहीने कोणी कुळात येत नाही. देवक बसलं नाही, हळद लागली नाही, मग रोट कसले? आणखी दोघा-तिघांनी माना डोलावल्या.  सुपडूआप्पांना मुलगाही हवा होता आणि मानही. शेवटी त्यांनी तोंड उघडलं. म्हणाले, जिभाऊ मायला विचारतील, माय सांगेल ते मी मानीन. वामनकाकांनाही ते पटलं. जिभाऊ लबाडी करणार नाहीत, यावर दोन्ही बाजूंचा सारखाच भरवसा होता.

जिभाऊंनी हातपाय धुतले. दोन पाकळ्या ओल्या करून मायच्या गालांवर लावल्या आणि पाटावर बसले.

इंदूकाकूंनी मला चुलीपाशी बोलावलं. डोळे सुजलेले. हळूच म्हणाल्या, तू विज्ञान शिकतोस, उजवी पाकळी आधी पडेल असं काही करता येणार नाही का? मला एवढंच सुचलं की वात उजव्या बाजूला जवळ नेली तर ती पाकळी आधी वाळेल. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो आणि जाता जाता समई उजवीकडे सरकवली. माझ्या आयुष्यात विज्ञानाचा एवढा चांगला उपयोग मी पुन्हा केलेला नाही. पण परत येऊन बघतो तो समई डावीकडे गेलेली. वामनकाका जागेवरून हलल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, फक्त त्यांच्या बोटांना तेल लागलेलं होतं. जिभाऊंनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, वामनकाकांकडे पाहिलं, आणि समई उचलून बरोबर मधोमध ठेवली.

श्रावणातली दमट हवा. पाकळ्या हलेनात. पंगत मांडून ठेवलेली, रोट गार होत चाललेले, खिरीवर साय धरलेली. लहान मुलं भुकेने कुरकुरायला लागली. वामनकाका भिंतीला टेकून पेंगायला लागले. कोणीतरी टेबलफॅन लावायची सूचना केली, पण जिभाऊंच्या चेहऱ्याकडे पाहून ती तशीच राहिली. प्रकाशने दोनदा बाहेर डोकावून पाहिलं. गाडीची वेळ होत आली होती. हंसा ओट्यावर खांबाला धरून उभी होती, तिला कोणी बसही म्हटलं नव्हतं. आणि तिने कुणाला विचारलंही नव्हतं की बसू का.

बहुतेक जिभाऊंना तेच दिसलं असावं, कारण ते मायकडे नाही, बाहेर तिच्याकडे बघत होते. बघत बघत त्यांनी हात पुढे केला आणि मायच्या दोन्ही गालांवरच्या पाकळ्या स्वतःच्या बोटांनी काढून घेतल्या.

 जिभाऊंनी मायवरची पाकळी हाताने काढली, हे सांगितलं असतं तर कोणाला खरं वाटलं नसतं. ते उठले, ओट्यावर गेले आणि हंसाला म्हणाले, "चाल बेटी, पंगतमा बठ."

सुपडूआप्पा मध्ये आले.  म्हणाले, जिभाऊ, मायने अजून काही सांगितलेलं नाही.

"सांगेल शे," जिभाऊ म्हणाले. "मनी येळले सांगं व्हतं. त्या दिन कोनी पाकळी लायी नही, काई नही. तुना बापनी माले मांडीवर बसाडं आनि रोट चारा. मायनी तवय नही म्हनं का? मंग आज कसाले म्हनी?"

माझ्या वेळी सांगितलं होतं, असं ते म्हणाले. तुझ्या बापाने मला मांडीवर बसवलं, रोट भरवला, तेव्हा माय नाही म्हणाली का, मग आज का म्हणेल? मला त्यातलं 'तुझा बाप' हेच समजेना. दोघे भाऊ, बाप एकच, मग तुझा बाप कसा? पण सुपडूआप्पांनी एकदम खाली बघितलं. वामनकाका जागे झाले होते. ते उठले, पंगतीत जाऊन बसले आणि शेजारचा पाट हाताने सरळ करून ठेवला. त्या पाटावर हंसा बसली. इंदूकाकूंनी तिच्या ताटात रोट वाढला आणि वाटीत काठोकाठ खीर ओतली. सुपडूआप्पा सगळ्यात शेवटी जेवायला बसले, पण बसले, आणि मुलाच्या समोरच बसले. बाहेर गाडी गेल्याचा आवाज आला. पंगतीतून कोणी मान वर केली नाही.

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. माझं कूळ वेगळं, मला त्यातला घासही मिळणार नव्हता. पण तेव्हा मला जो अभिमान वाटला तो काही कुळाबिळापुरता नव्हता.

घरी आल्यावर मी आईला विचारलं. आईने आधी दार लोटलं. मग सांगितलं. जिभाऊंची आई विधवा होती, तिचा सुपडूआप्पांच्या वडिलांशी पाट लागला, म्हणजे दुसरं लग्न झालं. हिलाल तेव्हा पाच वर्षांचा. आईच्या बोटाला धरून या घरात आला. सुपडूआप्पा नंतर झाले. गावातल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं, पण म्हाताऱ्याने त्याला कधी सावत्र म्हणू दिलं नाही, आणि मरताना मायचा नारळही मोठा म्हणून हिलालच्याच हातात दिला. "एवढं सगळं दिलं," आई म्हणाली, "पण बाप्पा, माणसाला आपण कुठून आलो ते आठवतंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी माय वाजतगाजत नदीवर गेली. जिभाऊंकडची पद्धत नारळ पाण्यात बुडवून परत घरी आणायची. येताना तो त्यांच्या हातात होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. वाजंत्री पुढे गेली, आम्ही दोघे मागे राहिलो. मी धीर करून विचारलं, जिभाऊ, बापाने काही न विचारता तुम्हाला मांडीवर घेतलं, मग तुम्ही जन्मभर एवढं विचारत का राहिलात?

त्यांनी नारळावरचं फडकं सारखं केलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण ते मध्येमध्ये थांबत होते. लहान मूल दुसऱ्याच्या घरात आलं, की त्याला सवय लागते. पाणी घेऊ का, भाकरी घेऊ का, इथे बसू का. बाप चांगला होता. तो म्हणायचा, अरे, विचारू नको, घर तुझंच आहे. पण सवय गेली नाही. मोठं झाल्यावर माणसांना विचारायची लाज वाटायला लागली. बायको होती तेव्हा तिला विचारायचे. ती गेल्यावर मायला विचारायला लागले. "ती हसस नही," ते म्हणाले. माय हसत नाही. "आनि कधी म्हनत नही का किती ईचारस."

मी इतकी वर्षं ज्याला त्यांची भक्ती समजत होतो, आणि कधी कधी वेड समजत होतो, ते हे होतं. ती भक्ती नव्हती असं नाही. पण तिच्या तळाशी एक पाच वर्षांचा मुलगा होता, आणि तो अजून उंबऱ्याशीच उभा होता.  मी नारळ माझ्या हातात मागितला. त्यांनी दिला नाही.

आम्ही घरी पोचलो. इंदूकाकू आणि बायका अजून मागून येत होत्या, घरात हंसा एकटीच होती. कोपऱ्यात पाण्याचा माठ, वर पालथा पेला. ती माठापासून दोन हात अंतरावर उभी होती. ऊन चढलं होतं, तिचे ओठ सुकले होते. जिभाऊंना पाहताच तिने पदर सावरला आणि हळूच विचारलं, "जिभाऊ, पाणी लऊं के?"

जिभाऊ उंबऱ्याबाहेरच थांबले. मी त्यांना जन्मात रागावलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हा क्षणभर वाटलं की ते रागावले. त्यांनी नारळ छातीशी घट्ट धरला.

"नही," ते म्हणाले. "आठे तू ईचारानं नही. पानी लेवानं, भाकर लेवानी, बठानं, हसानं. ह्या घरमा बठ्ठासना वाटानं मी ईचारी लिधेल शे."

इथे तू विचारायचं नाही, या घरातल्या सगळ्यांच्या वाटचं मी विचारून घेतलंय, असं ते म्हणत होते. तिला सगळे शब्द कळले नसतील. पण ती पुढे झाली, पेला उचलला, माठात बुडवला आणि घटाघटा पाणी प्यायली. जिभाऊ बघत राहिले. मग त्यांनी मायला उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं, उजवा हात पुढे केला आणि मुलीकडे मागावं तसं म्हणाले, "माले बी दे."

तिने पेला भरून दिला. आमचे जिभाऊ ते पाणी उभ्याउभ्याच प्यायले, आणि मग घरात गेले.